टेस्टआधीच नापास

'वेंधळा', 'पायाला भिंगरी', 'लहानपणी फटके कमी पडले'. एडीएचडी मोठ्या माणसालाही असतो म्हटलं, की आपल्याकडे हेच ऐकायला मिळतं. माझ्या मावसभावाला पस्तिशीत निदान झालं. चाकणच्या एका कंपनीत टेस्टआधीच्या फॉर्मवर त्याने ते खरं लिहिलं. पेपर देताना एचआरवाला हसला, "तासभर बसवेल ना?" झालं! गणितं राहिली बाजूला, हा स्वतःवरच पहारा देत बसला. पाय हलतोय का, लक्ष उडालं का.

हे कारण काढणं नव्हे. १९९५ मध्ये अमेरिकेत स्टील आणि ॲरन्सन यांना दिसलं, की 'ही बुद्धीची परीक्षा आहे' एवढं सांगितलं तरी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी घसरते. उत्तर प्रदेशात हॉफ आणि पांडे यांनी शाळकरी मुलांना भुलभुलैयाची कोडी दिली. सगळ्यांसमोर जात पुकारली, की दलित मुलं मागे पडत. (नंतरच्या काही अभ्यासांत असा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही खरं.)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. मग जादा वेळ मागायचा कशाच्या जोरावर? कायदा बदलेल तेव्हा बदलेल. एचआरवाल्यांनो, तो आजाराचा रकाना तेवढा पेपर झाल्यावर भरून घ्या. त्याला काही खर्च येत नाही.