पाकिटाची मागची बाजू

बाबांचं लोणचं मी बंद केलं, तेव्हा म्युनिकमधल्या माझ्या फ्रीजसमोर उभा राहून हॅम खात होतो. व्हिडिओ बंद ठेवला होता. हॅम म्हणजे डुकराचं मांस हे आईला ठाऊक नाही आणि ते तिला कळावं अशी माझी इच्छाही नाही.

बाबांचं बीपी वाढलं होतं. मी एक्सेल शीट बनवून पाठवली: पापड बंद, लोणचं बंद, ताकात मीठ नाही. "बरं," एवढंच ते म्हणाले.

माझं जेवण मात्र 'हेल्दी' होतं. शिजवलेल्या हॅमच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं २० ग्रॅम, चरबी जेमतेम ३. बी१ जीवनसत्त्वही बऱ्यापैकी. शिवाय भांडी घासायला नकोत. जिमला जाणाऱ्या एकट्या माणसाला आणखी काय हवं?

मग तपासणीत माझंच बीपी १४६/९४ आलं. वय २८.

त्या संध्याकाळी पाकीट पहिल्यांदा उलटं करून वाचलं. मीठ, १०० ग्रॅमला २.२ ग्रॅम. मी रोज तेवढा हॅम खायचोच. ब्रेडच्या चार जाड स्लाइसमध्ये साधारण २.४, चीजमध्ये पाऊण. झाले सव्वापाचच्या वर, आणि रात्रीचं जेवण बाकी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. हॅममध्ये तंतू तर शून्यच.

याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या गटात टाकलं, हे वाचून आधी हादरलो. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या १८ जणांना तो होतो असं नव्हे, मुळात जो थोडा धोका असतो त्यात तेवढी भर पडते. कधीतरी सँडविच खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. मी 'कधीतरी'वाला नव्हतो, एवढीच अडचण.

आता रविवारी मसुरीची आमटी करून ठेवतो. हॅम महिन्यातून एखाद्या वेळी. त्याचा तो गुलाबी रंग नायट्राइटमुळे टिकतो, हे कळल्यापासून तसाही थोडा मनातून उतरलाय.

बाबांना आकडा सांगितला. ते जरा वेळ गप्प राहिले.

"ती शीट आहे माझ्याकडे. परत पाठवू का तुला?"

मागून आईचा आवाज आला, "पण हा खातो तरी काय तिथे?"

"ब्रेड," मी म्हणालो.