बार्शीची साथ आणि शोधनिबंधांची यादी

डॉक्टर म्हटले की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे दवाखाना उभा राहतो. गळ्यात नळी, हातात सुई, बाहेर बाकावर रोग्यांची रांग. पण ज्यांच्या दाराशी रांग नसते, जे उभे आयुष्य रक्ताच्या नमुन्यांत आणि विषाणूंच्या मागे घालवतात, त्या संशोधकांची कमाई कशात मोजायची? त्यांची कमाई म्हणजे त्यांनी लिहिलेल्या शोधनिबंधांची यादी. शिधापत्रिकेवरच्या नोंदींसारखी ती दिसायला रुक्ष असते. वाचता आली तर मात्र तिच्यात आपलीच गावे आणि आपलीच दुखणी सापडतात.

आमच्या घरात ही यादी आली ती मुलीमुळे. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि पुढे पीएच.डी. करीन म्हणते. नातेवाइकांचे म्हणणे सरळ आहे. "अजून पाच-सहा वर्षे शिकणार, मग कमावणार कधी? त्यापेक्षा एखादी नोकरी बघा." त्यांना वाईट तरी कसे म्हणावे? ज्या घरात हजार विड्या वळल्याशिवाय चूल पेटत नव्हती, तिथे पगाराची घाई असणारच. आम्ही उभयतांनी तिला समोर बसवून विचारले, "बाई, तू तिथे जाऊन नेमके काय करणार, ते आम्हाला समजेल असे सांग."

तिने पुण्याच्या डॉ. विद्या अरणकल्ले यांच्या शोधनिबंधांची यादी छापून आणली. या बाईंनी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कित्येक वर्षे काम केले. ही संस्था १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात सुरू केली. तेव्हाचे तिचे नाव विषाणू संशोधन केंद्र. १९७८ साली ती राष्ट्रीय संस्था झाली. यादीतली शीर्षके सारी इंग्रजी. मुलगी एकेक मराठीत सांगत गेली आणि त्यात दोन रविवार गेले.

यादीतला एक महत्त्वाचा निबंध १९८८ सालचा, 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकातला. विषय कावीळ. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि काविळीची प्रचंड साथ आली. सर्वांनी धरून चालले की ही नेहमीची 'ए' कावीळ. पण त्या साथीतले रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. १९८० च्या सुमारास नव्या चाचणीने ते तपासले, तेव्हा ती 'ए' नव्हे आणि 'बी'ही नव्हे असे निघाले. मग होती तरी कोणती? १९८८ च्या निबंधात अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत सापडलेले विषाणूसारखे कण आणि हा रोग यांचा संबंध मांडला. आज त्या रोगाला 'ई' कावीळ म्हणतात. गरोदर बाईला ती विशेष घातक ठरते. म्हणून हा प्रश्न निव्वळ प्रयोगशाळेचा नव्हता.

२००२ सालचा एक निबंध आम्हाला फार मोलाचा वाटला. पश्चिम भारतातल्या माणसांत सापडणारा 'ई' विषाणू आणि डुकरांत सापडणारा 'ई' विषाणू यांचे जनुकीय प्रकार वेगळे असल्याचे त्यात दाखवले आहे. परदेशात डुकरांपासून माणसाला ही कावीळ झाल्याची उदाहरणे आहेत. पण आपल्याकडे वस्तीत कावीळ आली की पहिले बोट डुकरे पाळणाऱ्यांच्या झोपडीकडे जाते. ते बोट आधी गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपकडे वळावे, एवढा विचार तरी या निबंधाने करायला लावला.

आता सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९७३ साली आपल्या जिल्ह्यात, बार्शीला, चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुढे तीस-बत्तीस वर्षे हा रोग देशातून जणू नाहीसाच झाला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा १३ राज्यांत सुमारे १३ लाख लोकांना झाला. जुनाच विषाणू परत आला, की हा कोणी नवा? याचे उत्तर २००७ च्या निबंधात आहे. त्यावर अरणकल्ले यांच्यासह आठ जणांची नावे आहेत. त्यांनी नव्या साथीतले पाच विषाणू घेतले. त्यांच्याशेजारी १९६३ आणि १९७३ सालचे, संस्थेने जपून ठेवलेले दोन जुने विषाणू ठेवले. शिवाय २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत सापडलेला एक घेतला. यवत म्हणजे आपल्या सोलापूर-पुणे रस्त्यावरचेच गाव. एस.टी.च्या खिडकीतून ते आपण किती वेळा पाहिले असेल!

या विषाणूंची सबंध जनुकीय अक्षरे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ११,८०० अक्षरे, त्यांनी वाचली आणि एकमेकांशी ताडून पाहिली. हे कसे करतात, ते मुलीने गायन पार्टीच्या वहीवरून समजावले. एका वहीतून दुसरीत गाणे उतरवताना एखादा शब्द चुकतो. तिसरा माणूस ती चूक तशीच उतरवतो. मग पाच वह्या शेजारी ठेवल्या की कोणती वही कोणत्या वहीवरून उतरली, हे चुकांवरूनच कळते. विषाणूचेही तसेच आहे. या ताडणीत दिसले की १९६३ आणि १९७३ चे विषाणू आशियाई प्रकारचे होते, तर २००६ चे आफ्रिकी प्रकारचे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या साथीतल्या विषाणूशी ते ९९.९ टक्के जुळत होते. यवतच्या विषाणूशी ९८.२ टक्के. म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधीच आफ्रिकी प्रकार आपल्या रस्त्यावर येऊन पोचला होता.

आमच्या घराने हा रोग पुस्तकात पाहिलेला नाही. २००६ साली आईला तो झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटांचे सांधे धरले ते धरलेच. ज्यांनी विडी कामगारांचे जिणे पाहिले आहे, त्यांना बोटे धरणे म्हणजे काय ते सांगायला नको. पान कातरायला कात्री धरवेना, वळलेल्या विडीला दोरा बांधवेना. मजुरी नगावर, त्यामुळे बोटे थांबली की मजुरी थांबली. एका दवाखान्यात सुयांवर सुया दिल्या, पैसे गेले, पण सूज राहिलीच. शेजारच्या चार बायकांचीही तीच गत. पुढे दिवाळीपर्यंत आईला पुरते सूप मांडीवर घेता आले नाही.

तेव्हा कोणी म्हणत होते हवा बिघडली, कोणी म्हणत होते कोंबडी खाल्ल्याने झाले. खरे कारण दाराशीच होते. नळाला दिवसाआड, कधी चार दिवसांनी पाणी, म्हणून बॅरल, हौद, घागरी भरून ठेवायच्या. दिवसा चावणारा एडिस डास त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. झाकण घट्ट लावणे आणि आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून, घासून, कोरडे ठेवणे हा उपाय आजही तोच आहे. या रोगावर नेमके औषध अजून नाही.

मग त्या निबंधाने आमच्या आईला काय दिले? खरे सांगायचे तर तिची बोटे त्याने सरळ झाली नाहीत. पण कोंबडीवर आणि हवेवर घातलेले खापर शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, आणि रोगाचा माग अक्षर न् अक्षर काढता येतो, हे त्याने दाखवले. १९७३ साली कोणीतरी नमुना नीट नोंदवून जपून ठेवला, म्हणून २००७ साली कोणाला तरी तो वाचता आला. ज्यांच्या दुखण्यातून हे ज्ञान निघाले, त्या रोग्यांची नावे यादीत नसतात. तरीही त्यांचे दुखणे वाया गेले नाही, ते नोंदीत राहिले.

म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. अशी यादी पाहताना निबंध किती, हे मोजत बसू नका. प्रश्न कोणाच्या घरातला होता, ते पाहा. सर्वांनी संशोधक व्हावे असे नाही, आणि घरची ओढ असेल तर आधी नोकरी धरण्यात कमीपणाही नाही. पण ज्या मुलामुलींना प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षे बसण्याची ओढ आहे, त्यांना घाईने उठवू नका. आमच्या वस्त्यांची दुखणी आजवर इतरांनी लिहिली, त्यांचे उपकारच आहेत. ती लिहिणाऱ्यांत आपल्या घरातलेही एखादे नाव असावे, असे आम्हाला वाटते. मुलीला आम्ही होकार दिला आहे. पाच-सहा वर्षे ओढाताण होईल, ती सोसू.