स्वराच्या पाठीमागचे यंत्र

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ज्या तालुक्यात आहे, त्या घनसावंगीकडील भजनी मंडळांना जुन्या संगणकाला साधा मिडी कीबोर्ड जोडून श्रुतिशुद्ध पेटी वाजविता यावी, या हेतूने मी जे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रचीत आलो आहे, त्याच्या घडणीत स्वरनिर्मितीच्या गणितापेक्षाही अधिक चिंतन मला बॅकएंडच्या निवडीवर करावे लागले. कारण बोटांचा इशारा आत आणणारी आणि सिद्ध झालेला स्वर कर्ण्यापर्यंत पोहोचविणारी ही यंत्रणा आहे.

पेटीच्या बांधील स्वरांची तक्रार जुनी आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य त्यांना लाभले, आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने सिद्ध झालेली श्रुतिपेटी १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत विद्वानांपुढे आली. पुढे १९४० साली नभोवाणीने पेटीवर बंदीचा जो हुकूम काढला, त्याचा अंमल १९७१ पर्यंत चालला. अर्धस्वराचे शंभर भाग केले असता त्यातील एकास सेंट म्हणतात. सामान्य पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर बसतो, आणि तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार मात्र सुमारे ३८६ वर असतो. ज्याचा कान एकदा तंबोऱ्यावर पोसला, त्यास हे अंतर सोसत नाही, आणि सोसू नये असेच माझे मत आहे.

वाद्य आणि संगणक यांच्या संवादासाठी १९८३ साली रूढ झालेल्या मिडीची भाषा या कामी अपुरी पडते. तीत १२८ स्वरक्रमांक आहेत, स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांची सूक्ष्म सोय आहे. परंतु हे वाकविणे संपूर्ण चॅनेलला लागू होते, त्यामुळे षड्ज आणि गंधार एकाच चॅनेलवर एकत्र धरले असता गंधार उतरविताना षड्जही उतरतो. म्हणून मिडीने केवळ कोणती पट्टी किती जोराने दाबली एवढीच वर्दी द्यावी, आणि श्रुतीचा फैसला सॉफ्टवेअरमधील कोष्टकाने करावा, असे मी ठरविले. मिडीकडील मागणी इतकी मर्यादित झाल्यावर गॅरी स्कॅव्होन यांची आरटीमिडी ही लहानशी लायब्ररी पुरेशी होती.

ध्वनीची बाजू इतकी सरळ नव्हती. लिनक्समध्ये सर्वांच्या तळाशी अल्सा ही ध्वनियंत्रणा आहे. तिच्यावर ऑडॅसिटी वापरते ती पोर्टऑडिओ, स्कॅव्होन यांचीच आरटीऑडिओ, आणि पॉल डेव्हिस यांनी आरंभिलेला जॅक. दरखास्त जितक्या मेजांवरून जाईल तितके तिचे मुक्काम वाढतात, तसाच येथे प्रत्येक थर आपला विलंब जोडू शकतो. ध्वनीचे नमुने ज्या गठ्ठ्याने पुढे जातात तो बफर; सेकंदाला ४८,००० नमुने असता २५६ नमुन्यांचा बफर सुमारे सव्वापाच मिलिसेकंदांचा होतो आणि १,०२४ चा एकवीस मिलिसेकंदांहून किंचित अधिक. बफर लहान ठेवावा तर जुना संगणक वेळेत तो भरू शकत नाही आणि ऐन अभंगात तडतड उठते. मोठा ठेवावा तर स्वर बोटाच्या मागे पडतो.

परंतु विलंबापेक्षा विलंबाची अनिश्चितता घातक असते, आणि माझी निवड अखेर या एका मुद्द्यावर ठरली. देवळात सात मीटर दूर बसलेल्या टाळकऱ्याचा टाळ पेटीवाल्याला सुमारे वीस मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो. त्या अंतराची सवय हाताला झालेली असते, कारण ते प्रत्येक ठोक्याला तेवढेच राहते. उलट, आरटीमिडीचा संदेश स्वतंत्र सूत्रातून (थ्रेडमधून) येतो, आणि तो पुढील बफरच्या आरंभीच वाजविला तर कधी दोन, कधी वीस मिलिसेकंदांचा फरक पडून चढत्या लयीत पेटी पखवाजापासून ढळते. यास्तव प्रत्येक संदेशाची आगमनवेळ टिपून ठेवावी, तो कुलूप न लावणाऱ्या रांगेतून ध्वनीच्या सूत्राकडे द्यावा, आणि बरोबर एका बफरच्या अंतराने, त्याच्या योग्य नमुन्यावर वाजवावा. जॅकची थोरवी अशी की तेथे संदेशाचे बफरातील स्थान ध्वनीच्याच फेरीत हाती येते. अन्यत्र जे श्रमाने साधावे लागते ते तेथे उपजत आहे.

जॅकची अडचण एकच होती: त्याचा सर्व्हर आधी चालू करावा लागे, आणि काकड्याला पहाटे जमलेल्या मंडळींकडून ती अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटे. विम टायमन्स यांच्या पाइपवायर या ध्वनियंत्रणेने ती अडचण बरीचशी दूर केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची १.० आवृत्ती आली, आणि जॅकसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर तिच्यावर निराळा सर्व्हर न मांडता चालते. म्हणून नव्या यंत्रांसाठी जॅकची वाट मुख्य ठेवली आहे. जुन्या लिनक्ससाठी आणि विंडोजसाठी आरटीऑडिओ व आरटीमिडी यांची जोडी ठेवली आहे, आणि त्या वाटेवर बफर ५१२ चा धरला आहे. त्याहून लहान बफर हवा असेल त्याने तो आपल्या यंत्रावर पखवाजासह वाजवून पाहावा आणि मगच कायम करावा.