छात्रसेवेचे वीस आठवडे
गढा, जबलपूर, रविवार. मदनमहालाच्या टेकडीखालील या जुन्या वस्तीत भाचीच्या बी.एड.ची नियमावली वाचीत बसलो असता, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी एका वर्षाचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा का केला, ते नीट उमगले. सिद्धान्त व प्रात्यक्षिके यांस किमान ८० टक्के हजेरी, परंतु शाळेतील छात्रसेवेस ९० टक्के. तीही थोडीथोडकी नव्हे, वीस आठवड्यांची. आणि प्रवेशापासून तीन वर्षांच्या मुदतीत सारे पुरे झालेच पाहिजे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांस हा जाच वाटतो, व त्यांची अडचण खरी आहे. तथापि वर्गात उभे राहिल्यावाचून वर्ग कळत नाही. केवळ हजेरीपटावर नाव चढवून सनदेची वाट मोकळी करणे म्हणजे मुलांच्या हक्कावर घाला होय, असे माझे निश्चित मत आहे. ज्या जबलपुरात स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजने मध्यप्रांतासाठी शिक्षक घडविले, तेथे तर हा नियम मनापासून पाळला जावा. उद्या भाचीचा पहिला पाठ. घरी बुंदेली बोलणाऱ्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे आहेत, आणि टाचण तिने तिसऱ्यांदा लिहावयास घेतले आहे.