मानवी वापरासाठी नाही

परवा लॅबमध्ये एक पार्सल आलं. थर्माकोलचा हा एवढा मोठा खोका, त्यात ड्राय आइस, त्यात पिशवी आणि पिशवीत करंगळीच्या पेराएवढी ट्यूब. तळाशी थेंबभर काहीतरी. लेबलवर लिहिलेलं : रिकॉम्बिनंट, मानवी आयएफटी८८. खाली बारीक अक्षरात नेहमीची सूचना, फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, त्यामुळे किडनीचा विषय निघाला की ती कान टवकारते.

"माणसाचंच आहे ना ते? मग माणसाला का नाही चालत?"

प्रश्न साधा, पण उत्तर देताना माझी दमछाक झाली.

तर त्याचं असं आहे. किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींवर केसासारखा एकेक तंतू असतो, सिलियम. गंमत म्हणजे त्याच्या आत प्रथिनं तयार होत नाहीत. प्रत्येक वीट खालून, पेशीतून वर न्यावी लागते. किनेसिन नावाची मोटर माल शेंड्याकडे नेते, डायनिन परत आणते आणि माल लादायच्या गाडीचा एक भाग म्हणजे हे आयएफटी८८. बरं, एकदा बांधलं की संपलं, असंही नाही. शेंड्याच्या विटा सतत निखळतात, नव्या पोचवत राहाव्या लागतात. ने-आण थांबली की सिलियम आखडत जातो.

ही ने-आण पहिल्यांदा दिसली ती किडनीत नव्हे, तर क्लॅमिडोमोनस या एकपेशीय शेवाळात! १९९३ साली, येल विद्यापीठात, जोएल रोझेनबॉम यांच्या लॅबमध्ये. पुढे २००० साली लक्षात आलं, की शेवाळातल्या आयएफटी८८चं उंदरातलं भावंड म्हणजे एक आधीच माहीत असलेलं जनुक आहे. ते बिघडलेल्या उंदरांच्या किडनीत पाण्याचे फुगे, म्हणजे सिस्ट होतात. त्यांच्या किडनीतले सिलियम पाहिले, तर ते आखूड निघाले.

आईच्या किडन्यांतही सिस्टच आहेत. पण हा आजार असलेल्या बहुतेकांमध्ये पीकेडी१ किंवा पीकेडी२ हे जनुक बिघडलेलं असतं. त्यांची प्रथिनंही सिलियमवरच असतात, पण ती वेगळी. म्हणून आईला म्हटलं, "अगं, हे औषध नाही. जिवाणूंमध्ये माणसाचं जनुक घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेला प्रथिनाचा तुकडा आहे. आमची अँटिबॉडी नेमकं हेच प्रथिन ओळखते का, ते ताडून बघायला."

"म्हणजे वाण्याकडचं वजन," आई म्हणाली. "मापायचं. खायचं नाही."

इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. मी हसले, आणि तेवढ्यात तिने विचारलं, "आणि तुम्ही दोघं तपासून कधी घेणार?"

आई किंवा वडील, एकाला हा आजार असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. चाळिशीनंतर सोनोग्राफी स्वच्छ निघाली तर सहसा सुटलात. मला जूनमध्ये एक्केचाळीस झाली. दहा वर्षं मी मायक्रोस्कोपखाली सिलियम मोजतेय, पण स्वतःची सोनोग्राफी एकदाही केली नाही. वेळ नव्हता वगैरे सगळं खोटं. भीती वाटत होती, एवढंच. आणि कळून उपयोग नाही असंही नाही. रक्तदाब वेळीच आटोक्यात ठेवता येतो, काहींच्या बाबतीत सिस्टची वाढ मंद करणारं टोलव्हॅप्टन नावाचं औषधही आहे. आईला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मला तसं म्हणता येणार नाही.

शनिवारी सकाळी नऊची वेळ घेतलीय. भरपूर पाणी पिऊन या, म्हणाले. आईला दिवसभराचं पाणी मोजून प्यावं लागतं. तिच्यासमोर बाटली तोंडाला लावायची कशी, याचा विचार करत होते, तर तीच म्हणाली, "पी गं निवांत. माझ्या वाटचंही पी."

दादा, तू हे वाचतोसच. फोनवर बोलायला जमलं नाही म्हणून इथे लिहिलं. तूही वेळ घे.