पुस्तकावर बाईचं नाव होतं

यंदाच्या ईदला आमच्या घरी शीरखुर्म्यापेक्षा जास्त चर्चा एका इंग्रजी सिनेमाची झाली, आणि घरातल्या बारा माणसांपैकी अकरा जणांनी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

झालं असं की माझी भाची पुण्याला नोकरी करते. ईदसाठी आली होती. दुपारी तिचा फोन तिच्या धाकट्या भावाच्या हाती लागला आणि त्यात 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' सापडला. पोराने तो मोठ्या आवाजात जाहीर केला. पुढचा अर्धा तास मी जे ऐकलं ते नीट लिहून काढलं असतं तर एक बरी विनोदी एकांकिका झाली असती. भाईजान म्हणाले, हे सगळं मुसलमानांच्या पोरी बिघडवण्यासाठी मुद्दाम चाललेलं आहे. (ज्या बाईने ती कादंबरी लिहिली तिने यवतमाळचं नाव ऐकलं असण्याची शक्यता कमीच.) भाभी म्हणाली, पुण्याला ठेवायलाच नको होतं. फूफी आता ऐंशी पार केलेल्या, ऐकू कमी येतं. त्यांना कोणीतरी कानात विषय सांगितला, तेव्हा त्यांनी दोन्ही गालांना हात लावून 'तौबा' म्हटलं आणि पुन्हा शेवया ओढल्या.

खरं तर हा सिनेमा आपल्याकडच्या थिएटरात कधी लागलाच नाही. 2015 साली सेन्सॉर बोर्डाने त्याला प्रमाणपत्र नाकारलं. म्हणजे त्याच्याविषयीची बहुतेक मतं न पाहताच तयार झालेली आहेत आणि तरी ती पक्की आहेत.

अम्मी लसूण सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "पाहिला का कोणी?"

कोणी बोललं नाही. मग ती भाचीला म्हणाली, "तू पाहिला ना? कसा आहे?"

पोरगी आधीच रडवेली झाली होती. पण प्रश्न सरळ होता, म्हणून तिने उत्तरही सरळ दिलं. "बकवास आहे, नानी. पुस्तक त्याच्याहून बकवास." मग तिने सांगितलं की लोक ज्या कारणासाठी ओरडतात ते तिला फारसं खटकलं नाही. खटकला तो करार. त्यातला श्रीमंत हिरो त्या मुलीपुढे एक लेखी करार ठेवतो. तिने काय खायचं, किती झोपायचं, कपडे कुठले घालायचे, व्यायाम किती करायचा, सगळं त्यात कलमवार. "आणि बायकांना हा रोमान्स वाटतो, नानी. शी!"

अम्मीने लसणाची पाकळी वाटीत टाकली. म्हणाली, "आमच्याकडे कागद नव्हता, एवढंच."

मी त्यावर हसलो. नंतर लाज वाटली. निकाह हा आपल्याकडे संस्कार नाही, करार आहे, दोन बरोबरीच्या माणसांनी केलेला, हे मी स्वतः कितीदा भाषणांतून सांगितलं आहे. मुलीला अटी घालता येतात, हेही सांगितलं आहे. अम्मीच्या निकाहनाम्यात मेहर एकशे पंचवीस रुपये आहे आणि अटींची जागा कोरी आहे. तिने काय वाचावं, वाचावं की नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलं, एका सिनेमावरून.

ही गोष्ट मला अर्धी माहीत होती. उरलेली त्या दुपारी कळली.

अम्मी लग्न होऊन 1968 साली आर्णीला आली. माहेरच्या गावात उर्दू शाळा नव्हती, त्यामुळे तिचं सातवीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. सासर पूर्ण उर्दूचं. दादा शिंपी होते. मराठी बोलायचे अशी की समोरचा कुणबी थक्क व्हावा, पण मराठी अक्षर त्यांना ओळखता येत नव्हतं. घरात अम्मीच्या हाती मराठी पुस्तक दिसलं की ते कौतुकाने म्हणायचे, "पढने दो, स्कूल की होंगी." छापील मराठी म्हणजे शाळा, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. जसं छापील उर्दू म्हणजे दीन. आमच्याकडे उर्दूचा चिटोराही जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, त्यावर साबणाची जाहिरात असली तरी.

तर या शाळेच्या पुस्तकांत बहुतेक काकोडकर असायचे.

चंद्रकांत काकोडकर हे नाव आजच्या वाचकांना सांगावं लागतं. त्या काळी सांगावं लागत नसे. घ्यावंही लागत नसे. रहस्यकथांना बाबूराव अर्नाळकर, तशा शृंगारिक कादंबऱ्यांना काकोडकर. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत या दोघांच्या पुस्तकांची पानं सर्वांत जास्त मळलेली. वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक दिसलं की आत कोण आहे हे विचारायची गरज नसायची. आर्णीत असं एक दुकान होतं, वह्या-पेन्सिली पुढे आणि कादंबऱ्या मागे. दिवसाचे दहा पैसे. अम्मीसाठी पुस्तकं आणायचं काम छोट्या चाचांकडे होतं. ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. दहा पैसे भाड्याचे आणि पाच पैसे त्यांच्या गप्प राहण्याचे. ईदच्या दुपारी चाचांनी हा हिशोब सगळ्यांसमोर सांगितला तेव्हा अम्मी म्हणाली, "पाच कुठले, तीन."

काकोडकरांच्या नावावर खटलाही होता. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली आणि अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला. खालच्या कोर्टाने त्यांना सोडलं. हायकोर्टाने दोषी ठरवून 25 रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 25 ऑगस्ट 1969 रोजी ते निर्दोष सुटले. तो निकाल मी अलीकडे वाचला. त्यात न्यायालयाने म्हटलं आहे की नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून अश्लील ठरवायचं असेल, तर निव्वळ धार्मिक पुस्तकं सोडून दुसरं काही विकताच येणार नाही. कायद्याच्या पुस्तकात इतकं शहाणं वाक्य सापडलं की मी थोडा वेळ पान उलटत नाही.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज खोसलांचा 'दो रास्ते' आला. राजेश खन्ना, मुमताज, बलराज साहनी, बिंदू. लक्ष्मीकांत-प्यारेलालची गाणी. एकत्र कुटुंबाचा सिनेमा: सावत्र असूनही भावांना बापाच्या मायेने सांभाळणारा मोठा भाऊ, परदेशातून शिकून आलेला मधला, श्रीमंताघरची त्याची बायको, घरात पडणारी फूट. हा सिनेमा काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरून काढलेला होता. म्हणजे ज्यांचं पुस्तक कव्हर घालून वाचायचं, त्यांच्याच गोष्टीला लोक लेकरंबाळं घेऊन, डबे बांधून निघाले.

आर्णीला बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे. उर्साला आजूबाजूच्या तालुक्यांतून हिंदू-मुसलमान सगळे येतात. त्या दिवसांत टुरिंग टॉकीज लागायची. तंबूत एका बाजूला बाया, मधे पडदा, खाली माती. 'दो रास्ते' आमच्याकडे पोहोचायला वर्ष-दीड वर्ष गेलं. दुकानदाराने छोट्या चाचांना आधीच सांगून ठेवलं होतं, "तुझ्या भाभीला सांग, नीलांबरीचा पिक्चर आलाय."

घरच्या पाच बाया बुरखे घालून गेल्या, फूफी पुढे. अम्मी सांगते, तंबूत नुसता कल्लोळ. बलराज साहनी आले की बाया डोळे पुसायच्या. बिंदू आली की बोटं मोडायच्या. पलीकडून पुरुषांच्या शिट्ट्या मुमताजसाठी. एका म्हातारीने बिंदूला उद्देशून इतकी अस्सल वऱ्हाडी शिवी घातली की सगळी बायांची बाजू हसली. आणि अम्मीने उत्साहाच्या भरात, पडद्यावर घडायच्या आधीच, फूफीला पुढचं सांगून टाकलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा फूफीने विचारलं, "तुला काय माहीत?"

"वाचलंय मी," अम्मी म्हणाली.

पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही ते दोन शब्द सांगताना तिचा चेहरा जरा बदलतो. त्या पाचही बायांत, बहुधा त्या सगळ्या तंबूत, पुस्तक वाचून आलेली ती एकटी असावी. तिला सिनेमाबद्दल खरं मत होतं. बाकीच्यांना बिंदूचा राग होता फक्त. पण ते मत सांगायचं तर पुस्तक वाचल्याचं कबूल करावं लागणार, आणि तेवढं कबूल केल्यावर मत ऐकून घ्यायला कोण थांबणार?

फूफीने दुसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरणीला सहज विचारलं, नीलांबरी कोणाची? मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, काकोडकर?" आणि तोंडावर पदर धरला. एवढं पुरलं.

आदल्याच रात्री दादांनी सिनेमाची कथा बायांकडून ऐकली होती आणि म्हणाले होते, ऐसा पिक्चर सब बहुओं को दिखाना चाहिए. दुसऱ्या रात्री त्यांनी घरातली मराठी पुस्तकं बंद केली. गोष्ट तीच होती. अब्बा काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नसत. मारलं नाही, ओरडले नाहीत. दादा अम्मीला "बेटी"च म्हणायचे आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले. फक्त दुकानाची फेरी थांबली. छोट्या चाचांची कमाई गेली. अम्मीने पुढची अकरा वर्षं एकही पुस्तक वाचलं नाही, मी चौथीत जाऊन शाळेच्या वाचनालयाचं कार्ड आणेपर्यंत. ते कार्ड मी माझं समजत होतो. अम्मी म्हणायची, "जाड आण, बारीक नको. लवकर संपतं." साने गुरुजी आणले तेव्हा दोन दिवसांत परत केले आणि म्हणाली, "यात सगळे रडतातच. दुसरं बघ."

या सगळ्यात फूफी वाईट नव्हत्या, हेही लिहायला हवं. त्या स्वतः दिल्लीचं 'शमा' मासिक वाचायच्या, उघड, पलंगावर बसून. उर्दू होतं, म्हणून. 'शमा'त वाजिदा तबस्सुम यांच्या कथा यायच्या. वाजिदाआपा आमच्या शेजारच्या अमरावतीच्या, 1935 चा जन्म, पुढे हैदराबाद आणि मुंबई. नवाबांच्या हवेल्यांमधल्या बायांच्या देहाबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यापुढे काकोडकर शाळेचेच वाटावेत. त्यांच्या 'उतरन' कथेचा धागा घेऊन मीरा नायर यांनी 1996 साली 'कामसूत्र' काढला, आणि तोही आपल्या सेन्सॉरमध्ये अडकला. फूफींनी 'उतरन' वाचली होती का, हे मी त्या दुपारी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "अच्छा लिखती थी." आणि शेवयांची वाटी पुढे केली.

मी अम्मीला विचारलं, तुझं मत काय होतं तेव्हा? सिनेमाबद्दल? इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं; मीही नाही. तिने हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "गाणी चांगली होती. पण पुस्तकावर बाईचं नाव होतं. सिनेमावर रस्त्यांचं."

ती कादंबरी मी बरीच शोधली. अमरावतीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे काकोडकरांची चार निघाली, ही नव्हती. भाईजानना हे शोधणं आवडलेलं नाही. भाचीवरचा त्यांचा रागही अजून आहे. पुण्याचा प्रश्न मिटलेला नाही, आणि भाभी दर दोन दिवसांनी बहिणीला फोन करून स्थळं सुचवते आहे. पोरीने नानीचा नंबर तेवढा पहिल्या जागी ठेवला आहे.

त्या संध्याकाळी मात्र तिने फोनवर 'दो रास्ते' लावला. शीरखुर्म्याच्या पातेल्याला फोन टेकवला. अम्मीने चष्मा लावला. फूफींना दिसेना म्हणून त्यांची खुर्ची पुढे ओढली, आवाज पूर्ण वाढवला. बिंदू आली तेव्हा फूफींनी सवयीने बोटं मोडली.

अम्मी त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "आपा, पुढचं सांगू का?"