पायमशीन जड चालते तेव्हा

घरातले पायमशीन जड चालू लागले की आपण बायका दोनच गोष्टी करतो. एक तर दिसेल त्या भोकात तेल ओततो, नाहीतर त्यावर चादर टाकून कपडे ठेवायचे टेबल करून टाकतो. मिस्त्री परभणीला आणि मशीन पोखर्णीला! ते लोखंडी धूड एस.टी.त कोण चढवणार? ‘अहों’ना सांगावे तर ‘रविवारी बघू’ असे उत्तर मिळते, आणि तो रविवार काही उगवत नाही.

आमच्या शेजारच्या अक्कांचे मशीन असेच अडून बसले. नृसिंह जयंती तोंडावर आलेली, खाटेवर ब्लाऊजपिसांचा ढीग. मालक गेल्यापासून अक्कांचे घर या मशीनवर चालते. एक मिस्त्री येऊन, चार वेळा पायटा दाबून, ‘भंगारात घाला, नवं घ्या’ असे सांगून गेला होता. “बाई, मशीन फिरंना झाली बघा. आता लोकांची कापडं कशी वापस करू?” अक्कांचा आवाज रडवेला झाला. म्हटले, “अक्का, भंगारात घालायच्या आधी उघडून तर बघू.”

मैत्रिणींनो, यात अवघड असे काही नाही. पायट्याने दांडा हलतो, दांड्याने खालचे मोठे चाक फिरते, त्यावरची चामड्याची वादी वरचे लहान चाक फिरवते आणि त्या चाकाने सुई खालीवर होते. मोठ्या चाकाचा एक फेरा म्हणजे लहान चाकाचे कितीतरी फेरे, म्हणून तर पाय सावकाश चालला तरी टाके भराभर पडतात. ही साखळी कुठे अडली हे ओळखायचे तर वादी चाकावरून उतरवावी. मग वरचे चाक हाताने, नेहमीसारखे आपल्याकडे फिरवून बघावे. नंतर नुसता पायटा चालवून बघावा. वरचे जड तर दोष डोक्यात, खालचे जड तर पायात. निम्मे काम इथेच होते, आणि त्याला पैसाही पडत नाही.

अक्कांचा पायटा हलका होता, वरचे चाक मात्र घट्ट. चाकाच्या मधला गोल स्क्रू असतो ना, बॉबीन भरताना आपण जो सैल करतो तो? त्याच्यावर एक बारीक स्क्रू असतो. तो आधी सैल केला, गोल स्क्रू काढला, आतली दातेरी चकती काढली आणि चाक ओढले. मागे दोऱ्याचा हा एवढा गुंडाळा! चिमट्याने सगळा उपसला. चकती कशी बसली होती ते काढतानाच नीट बघून ठेवावे. बसवल्यावर स्क्रू आवळूनही सुई हलत नसेल, तर चकती काढून अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवावी.

दुसरा शत्रू खोबरेल तेल. कधीतरी कुणीतरी ते घातलेले, त्याचा चिकटा धरलेला. खोबरेल असो की गोडेतेल, स्वयंपाकघरातले तेल मशीनला घालू नये, ते वाळून डिंकासारखे होते. चूल-दिव्यापासून दूर अंगणात बसून भोकांत थोडे रॉकेल सोडले, दोरा न ओवता मशीन फिरवले, पुसून घेतले आणि मग मशीनचे पातळ तेल थेंब थेंब घातले. घसघसा ओतायचे नाही, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर.

(गांधीजी यंत्रांवर टीका करीत, पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला. हाताने शिवत बसलेल्या बायकोचे कष्ट बघून सिंगरने ते काढले, असे ते म्हणाले. इतिहास जरा वेगळा आहे. हौ यांचे पेटंट १८४६ चे, सिंगरसाहेबांचे १८५१ चे, आणि साहेबांचे संसारही एकाहून अधिक! श्रेय बायकोच्या मायेला देताना मला तरी अडखळायला होते. मशीन मात्र अपवाद करण्याजोगेच.)

राहिली वादी. ती सैल होऊन, तेल लागून चाकावर घसरत होती. मिस्त्रीने बघितले ते एवढेच. कोरड्या फडक्याने वादी आणि दोन्ही चाकांच्या खोबणी पुसल्या. तारेचा आकडा पकडीने उघडला, टोकाची अर्धा इंच वादी कापली, दाभणाने नवे भोक पाडले आणि आकडा घालून पुन्हा दाबला. एकदम जास्त कापू नये. वादी फार ताणली की पायटा जड होतो आणि चाके झिजतात. बोटाने दाबली तर किंचित लवावी, पण घसरू नये, इतकीच हवी.

अक्का बसल्या. आधी चिंधीवर एक शिवण घातली, मग माझ्याकडे न बघताच ढिगातले पहिले ब्लाऊज ओढले. त्या रात्री बारापर्यंत भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येत होता. जयंतीच्या आदल्या दिवशी सगळी कापडे गेली, शिलाईचे पैसे आले. त्यातून अक्कांनी एक नवी वादी आणून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. चामडे वापराने ताणतेच. महिन्याभराने जुनी पुन्हा सैल झाली, तेव्हा मला हाक मारायला आल्याच नाहीत. दाभण घेऊन स्वतःच कापत बसल्या होत्या.